लेलँडकाकांवरचा खटला

जुलैत लेलँड स्ट्रॉब आपल्या नातीला गाडीत विसरले आणि ती गेली. टिलीला पाळणाघरात सोडून पुढे शेतावर जायचं, एवढंच काम होतं. वाटेत शेजाऱ्याचा फोन आला की कुंपण तुटून गुरं हमरस्त्यावर आलीत. ते तसेच तिकडे वळले. मागच्या सीटवर पोरगी झोपलेली. गुरं आत घालून, तारा ओढून परतले, तेव्हा उन्हानं गाडीची भट्टी झाली होती.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या आमच्या जिल्ह्याची सरकारी वकील मर्ना टॉलिफसन. मी तिच्या हाताखाली. खटला भरायचा की नाही, हे तिनं एकटीनं ठरवायचं. त्यात नोव्हेंबरात तिची निवडणूक; आमच्याकडे सरकारी वकीलही लोकांच्या मतांवर निवडून येतो.

मर्ना तशीही एका जागी बसणारी बाई नव्हती. पण त्या उन्हाळ्यात तिनं कहर केला. खुर्चीला टेकायची, लगेच उठायची, खिडकीशी जायची. अर्धवट खाल्लेलं सँडविच टेबलावर वाळून जायचं. मला गाडीत घालून उगाचच धान्याच्या कोठारांपर्यंत जायची आणि परत यायची.

"लोक काय म्हणतायत?" एकदा तिनं गाडीत विचारलं.

"म्हणतायत, म्हाताऱ्याला याहून आणखी काय शिक्षा व्हायचीय?"

"आणि डेनाच्या वेळी काय म्हणत होते?"

डेना क्रोगर ही हमरस्त्यावरच्या हॉटेलातली वेट्रेस. सलग दोन पाळ्या करून आली आणि तान्ह्या मुलीला गाडीतच विसरून घरात झोपली. पोर गेली. मर्नानं तिच्यावर खटला भरला, गावातल्याच लोकांतून निवडलेल्या ज्युरीनं दोषी ठरवलं, दहा वर्षांची शिक्षा झाली. ती अजून तुरुंगातच होती. मर्नाचं नाव झालं ते त्याच खटल्यानं.

टिलीची आई कॅरिन भेटायला आली. डोळे कोरडे ठणठणीत. म्हणाली, "बाबांना तुरुंगात टाकलंत तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. आणि नाही टाकलंत, तर मला रोज त्यांचं तोंड बघावं लागेल. काय ते तुम्हीच ठरवा." आणि निघून गेली. मर्ना तिच्यामागे दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

त्याच आठवड्यात लेलँडकाका स्वतःच आले. चर्चला जाताना घालायचा कोट अंगात, टोपी हातात.

"खटला भर, मर्ना."

"काका, आधी बसा तरी."

"बसायला नाही आलो. लोक घरी डबे आणून देतायत. चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना चालल्यात. त्या डेनाच्या दारात कुणी डबा ठेवला होता का गं?"

मर्ना खिडकीशी गेली.

"त्या ज्युरीत मी होतो. तू आमच्यासमोर उभी राहून म्हणालीस, 'जिचं प्रेम असतं, ती आई विसरत नाही.' मी मान डोलावली. तिला दोषी ठरवून घरी जाऊन पोटभर जेवलो. आता सांग, माझं टिलीवर प्रेम नव्हतं?"

"होतं, काका."

"मग?"

"मग मी तेव्हा खोटं बोलले."

"खोटं नाही. तुला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण तिला दिलीस तेवढीच मला दे. एवढं तरी कर."

"शिक्षा अशी मागून मिळत नसते. मला तुमचा गुन्हाच दिसत नाही," मर्ना म्हणाली. मग बराच वेळ टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली. "आणि तुमचा दिसत नसेल, तर तिचा कसा दिसला?"

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तिनं जाहीर केलं की स्ट्रॉबवर खटला भरणार नाही, आणि डेनाची शिक्षा माफ व्हावी म्हणून आपण स्वतः अर्ज करतोय. पहिल्या वाक्यावर लोक खूश झाले. दुसऱ्यावर बिथरले. 'आपल्याच खटल्यावर थुंकणारी बाई' म्हणत तिच्या विरोधकानं प्रचार केला. मर्ना निवडणुकीत दणकून पडली.

शिक्षामाफीच्या सुनावणीत लेलँडकाका डेनाच्या बाजूनं बोलले. निदान बोलायला उभे राहिले. मध्येच शब्द संपले, तरी खाली बसेनात. वसंतात राज्याच्या गव्हर्नरची माफीवर सही झाली.

डेना सुटली त्या दिवशी मी आणि मर्ना तुरुंगाच्या फाटकाशी गेलो. नको म्हणत होतो, ऐकेल तर ना! डेनाची बहीण गाडी घेऊन उभी होती. डेना हातात कागदी पिशवी घेऊन बाहेर आली. मर्ना पुढे झाली.

"डेना, मी–"

"माझ्या मुलीचं नाव मारीस होतं," डेना म्हणाली. "मारीस. अख्खा खटलाभर तुम्ही मॉरिस मॉरिस करत होतात. मी माझ्या वकिलाला सांगितलं, तो म्हणाला, सोड गं."

एवढं बोलून ती बहिणीच्या गाडीत जाऊन बसली.

परतताना गाडी मी चालवत होतो. मर्ना काच खाली करायची, वर करायची, पट्टा सैल करायची. गाव दिसायला लागलं तशी म्हणाली, "थांबू नकोस. अजून जरा पुढे चल."