छकुलीच्या लग्नातला काळा कोपरा

मी ज्योत्स्नाचा कॅमेरा बोलतोय. जरा सांभाळून घ्या, आवाज बसलाय. भवानीनगरला राहतो आम्ही दोघं. तिने मला बारामतीच्या दुकानातून आणलं तेव्हा मी कोरा करकरीत होतो. आता पट्टा विटलाय आणि बटणांच्या फटींत हळद, भंडारा, अक्षतांचा कोंडा, सगळं जाऊन बसलंय. बारशी, साखरपुडे, लग्नं! माणसं लग्न करून मोकळी होतात हो, आम्ही दुसऱ्या मांडवात.

माझा सेन्सर, म्हणजे आत फोटो उमटतो ती पाटी, जरा लहान; त्याला क्रॉप म्हणतात. त्यावरून अलीकडे किती ऐकावं लागतं! लग्नाच्या फोटोंची सुपारी द्यायला ज्योत्स्नाकडे आलेला माणूस पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी विचारतो, फुल फ्रेम हाय का? ते काय असतं ते त्याला ठाऊक नसतं, पण भावकीत कुणाच्या तरी लग्नात ते होतं.

शेवटी ज्योत्स्नाने वापरून बघायला म्हणून दुकानातून एक फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, आणला. लेन्स मात्र माझीच लावली. मला राग नाही आला, उलट हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो बाबा एकदाचा!

कऱ्हाटीला छकुलीचं लग्न होतं. या पोरीची आई लहानपणीच गेलेली. चुलतीने, रंगूबाईने, तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पण रंगूबाईला नवरा नाही. शुभकार्यात आपण मागंच बरं, असं तिचं तिनेच ठरवलेलं. सगळ्यांचा मोठा फोटो निघाला तेव्हा ती स्टेजच्या पायरीवर, पार कोपऱ्यात उभी राहिली.

आणि घोळ झाला. माझी लेन्स माझ्या मापाची, तिचा उजेड माझ्यापुरताच पडतो. त्या मोठ्या सेन्सरचे चारही कोपरे काळे राहिले. मागे गर्द निळा पडदा, त्यात पाठवणीची घाई, ज्योत्स्नाला वाटलं स्टेजवरच लाइट कमी आहे. फोटोत सगळी भावकी आली. रंगूबाई तेवढी काळ्या कोपऱ्यात गेली.

छकुली फोनवर रडली. काकीचा नि माझा तेवढाच फोटो होता, म्हणाली. ज्योत्स्नाला दोन घास गोड लागेनात. मग मांडवपरतणीला छकुली जावयासकट माहेरी आली, तेव्हा ज्योत्स्ना तिथे न बोलावता गेली. बरोबर मला घेतलं.

अंगणात खुर्च्या मांडल्या. रंगूबाई परत कडेला निघाली.

"मला मधी नगं गं. लोकं काय म्हणतील?"

"काकी, तू मधी न्हाय बसलीस तर मला फोटूच नगं," छकुली म्हणाली, आणि तिचा हात धरून बसली.

माझा फोकस आता लवकर लागत नाही, पुढं-मागं घुटमळतो. ज्योत्स्ना थांबली. लागला एकदाचा.

रंगूबाईने पदराने माझी स्क्रीन पुसली आणि बराच वेळ बघत राहिली. "येवढी हसतीय व्हय मी?" तिने हळूच विचारलं. मी दमलेलोच होतो, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं.

मोठा कॅमेरा ज्योत्स्नाने परत केला. आधी त्याच्या मापाची लेन्स, मग तो, म्हणाली. म्हणजे तोवर मीच! उद्या सोमेश्वरनगरला हळद आहे. बॅटरी भरलीय, थकलाय तो मी.

तेव्हा बाबांनो, मोठा घ्यायचा तर खुशाल घ्या, पण त्याची लेन्सही त्याच्याच मापाची घ्या. नाहीतर अंधारात आधी तेच माणूस जातं, जे आपण होऊन कडेला उभं राहतं.