उरलेलं पाणी

आजीचा संशय एकदा कुणावर बसला की सहजासहजी उठत नसे, आणि गेलं वर्षभर तो पाळणाघरवाल्या काकूंवर ठाण मांडून होता. नातू तीन वर्षांचा. श्वास घेताना घरघरायचा म्हणून घरात त्याचं नाव बोका पडलेलं. बोक्याचा कान सारखा फुटायचा, छाती भरायची, आणि औषध संपून जरा कुठे दम खावा तर पुन्हा ताप. एवढं सगळं आपोआप होत नसतं, कुणीतरी करत असतं, असं आजीचं ठाम मत होतं.

काकू सगळ्या पोरांना एकाच चमच्याने भरवतात का, हे पाहायला ती न सांगता पाळणाघरात जाऊन थडकली. चमचे वेगवेगळे होते. मग तिने मोर्चा जावयाकडे वळवला. हा गडी औषध द्यायला विसरत असणार आणि उरलेलं मोरीत ओतत असणार. तिने बाटलीवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारली आणि रोज गुपचूप पाहू लागली. औषध जेवढं उतरायला हवं तेवढंच उतरत होतं. आजीचा चक्क हिरमोड झाला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पाहिल्यावर मात्र तिला वाटलं, हे माणूस आपल्या तोडीचं आहे. बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता.

"औषध मध्येच बंद करता का?" त्यांनी लेकीला विचारलं.

"नाही हो, पूर्ण देतो."

"सगळे असंच सांगतात."

"देतात पूर्ण," आजी म्हणाली. "मी बाटलीवर खूण करून पाहिलंय."

जावयाने सावकाश मान वळवून सासूकडे पाहिलं. आजी छताचा पंखा बघू लागली.

"हे बरं केलंत," बाई म्हणाल्या. "म्हणजे औषध पोटात जातं, तरी आजार परत येतो." त्यांनी बोक्याला आ करायला लावलं, बॅटरी मारली आणि बराच वेळ घशात बघत राहिल्या. "याच्या टॉन्सिलचं ऑपरेशन कधी झालं?"

आता आजीने जावयाकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे पोराच्या घशाला हात लावलात?

"ऑपरेशन नाही झालं," लेक म्हणाली.

"मग टॉन्सिल गेले कुठे?" बाईंनी त्याची मान चाचपली, काख चाचपली. "गाठीसुद्धा लागत नाहीत. रोगाशी झुंजताना याच सुजतात. इथे कुणी झुंजतच नाहीये असं दिसतंय. रक्त तपासू. तुमच्या माहेरी एखादा मुलगा लहानपणी गेलाय का?"

"माझा धाकटा भाऊ. पण तो न्यूमोनियाने गेला. आत्याने त्याला गार पाण्याने आंघोळ घातली होती." ही गोष्ट लेक ऐकतच मोठी झाली होती.

"त्याआधी सारखा आजारी पडायचा का?"

लेकीने आईकडे पाहिलं.

"ठणठणीत होता," आजी म्हणाली.

हे उत्तर तिच्या तोंडात कायम तयार असायचं. त्या दिवशी ती कामावरून संध्याकाळी घरी आली, तर पोर तापाने फणफणलेलं. नणंदेने दुपारी आंघोळ घातली होती. आजीने तडक मोरीत जाऊन बादलीतल्या उरलेल्या पाण्यात हात घातला. पाणी गार होतं. तपास तिथेच संपला. पोर गेलं, आणि नणंदेला घराचं दार बंद झालं. पुढे कितीतरी वर्षांनी तिचा सख्खा भाऊ, म्हणजे आजीचा नवरा, वारला, तेव्हाही ती बाई फाटकापाशी उभी राहून परत गेली. पोर आधीपासून आजारी होतं म्हटलं, तर या सगळ्याचं काय करायचं? शिवाय बाई माहेरचंच का विचारतायत? आता लेकीच्या माथी काहीतरी मारणार, असाही संशय तिला आलाच.

रक्त काढल्यावर बोका रडून रडून तिच्या खांद्यावर झोपला. थोड्या वेळाने खांदा ओला लागला. कान पुन्हा फुटला होता. तो वास आजीच्या नाकात शिरला. हा वास तिला बोक्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. त्या आंघोळीच्या आधी कित्येक महिने ती रोज सकाळी एका छोट्या उशीचा अभ्रा धूत होती.

ती दार न वाजवताच बाईंच्या खोलीत गेली. "खोटं बोलले मी. त्याचेही कान फुटायचे. छाती भरायची. कधीच ठणठणीत नव्हता."

बाईंनी कारण विचारलं नाही. "मग आणखी एक तपासणी आजच करू," त्या म्हणाल्या. "काही घराण्यांत हा दोष आईकडून मुलाकडे येतो. बाईला स्वतःला काही होत नाही, तिला पत्ताही नसतो."

पुन्हा सुई, पुन्हा रडणं. रक्त घेणारा माणूस नळी लगेच पाठवायची घाई करत होता.

"एवढी कसली घाई?" आजीने संशयाने विचारलं.

"हे ताजंच तपासावं लागतं, आजी. ठेवून दिलं की भलतंच दाखवतं."

आजी त्या नळीकडे बघत राहिली. त्या दिवशी बादलीही दुपारपासून संध्याकाळपर्यंत मोरीत पडून होती.

रिपोर्ट आले. रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी बोक्याच्या रक्तात जवळजवळ नव्हत्याच, आणि त्या बनवणाऱ्या पेशींच्या रकान्यात शून्य होतं. बाहेरून अँटीबॉडी द्यायच्या, दर महिन्याला, सलाइनसारख्या, जन्मभर. पण पोर वाढेल, शाळेत जाईल, असं बाई म्हणाल्या. जावई तोंड फिरवून रडला. त्याचं रडणं खरं आहे की नाही, हे आजीने तपासलं नाही.

"म्हणजे माझ्याकडून आलं याला," लेक म्हणाली.

"आणि तुला माझ्याकडून," आजी म्हणाली. "कुणी बोललंच तर आधी मला बोलायचं."

"दोष कुणाचाच नाही यात," बाई समजावत होत्या. आजीला ते पटलं, पण दोष देऊन झाला होता, आणि जिला दिला होता ती अजून जिवंत होती. "बाई, गार पाण्याने न्यूमोनिया होतो का?"

"नाही. का?"

आजी उठून व्हरांड्यात आली आणि तिने भाच्याकडून त्याच्या आईचा, म्हणजे नणंदेचा, नंबर मिळवला. काय बोलायचं ते मनाशी पक्कं केलं: टॉन्सिल, पेशी, शून्य, सगळं.

"मी बोलतेय," ती म्हणाली.

पुढचं काही सांगायच्या आतच पलीकडून उत्तर आलं. आवाज म्हातारा झाला होता, पण आजीने तो लगेच ओळखला.

"वहिनी," नणंद म्हणाली, "मी कोपर बुडवून पाहिलं होतं हो. पाणी कोमट होतं."