खालच्या शेताचा भात

त्या दिवशीच्या जेवणातून सासऱ्यांना दोन गोष्टी पदरात पाडून घ्यायच्या होत्या: बियाण्याला गिऱ्हाईक आणि थोरल्या मुलाला नवी बायको. दोन्ही एकाच माणसाकडून मिळणार होत्या. बियाण्याच्या व्यापाऱ्याला त्यांच्या खालच्या शेताचं वाण हवं होतं, आणि त्याची बहीण लग्नाची होती. मध्ये अडचण एकच, थोरली सून. तिला न्यायला म्हणून तिच्या भावालाही त्याच जेवणाला बोलावलं होतं. दोनदा चूल कशाला पेटवायची?

भावाने फक्त एका कागदावर सही करायची होती. 'आमच्या घराण्यात हाडांचा आजार आहे. तो लपवून आम्ही हे लग्न लावून दिलं.' सही झाली की थोरलीने बोचकं उचलायचं. तिची तेरा वर्षांची मुलगी मात्र इथेच राहणार होती, आईच्या रक्ताचा डाग जन्मभर मिरवत.

थोरली छत्तिशीची. सकाळी उठताना भिंत धरायची. गेल्या महिन्यात खोकल्याची उबळ आली आणि बरगडी मोडली.

"नुसत्या खोकल्याने!" सासरे आल्यागेल्याला सांगत. "वंशातच खोट. आम्ही पडलो भोळे."

धाकटी सून तीन वर्षं हे ऐकत होती. ती धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि घरात आल्या दिवसापासून एक गोष्ट तिला खटकत होती. चुलीवर दोन भांडी चढत. मोठ्यात वरच्या शेताचा भात, पुरुषांना आणि पाहुण्यांना. लहानात खालच्या शेताचा, बायकांना. वरच्या तांदळाच्या पिंपाला कुलूप, किल्ली सासऱ्यांच्या कमरेला.

"असं का हो वहिनी?" तिने एकदा विचारलं होतं.

"मुलगी दोन वर्षांची होती तेव्हापासून आहे हे," थोरली म्हणाली. "खालचा भात जड, पुरुषांना पचत नाही म्हणे."

"आपल्याला बरा पचतो!"

"आपली पोटं सरकारी, गं. कोणी काहीही टाकावं."

दोघी हसल्या, आणि थोरलीने चटकन बरगडीवर हात दाबला.

खालच्या शेतात धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्याचं पाणी शिरत असे. तरी पीक असं तरारून यायचं की सासऱ्यांची छाती फुगे. "कारखान्याचं पाणी पचवतो माझा वाण!"

बरगडी मोडली त्या आठवड्यात धाकटीने दोन्ही भांड्यांतले मूठ-मूठ तांदूळ तपासायला नेले, बरोबर शेतातली दोन रोपंही. खालच्या तांदळात कॅडमियम निघालं, आणि तेही थोडंथोडकं नव्हे. हा धातू वर्षानुवर्षं पोटात गेला की आधी मूत्रपिंडं नासतात, मग हाडं.

"पण रोपं तर हिरवीगार आहेत, मॅडम," धाकटी म्हणाली.

"दिसायला," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "भाताच्या रोपात एक जनुक असतं. मातीतून आलेलं कॅडमियम ते मुळांमध्येच कोंडून ठेवतं, वर दाण्यात जाऊ देत नाही. तुमच्या वाणात तेच जनुक मोडलेलं आहे. रोप मरत नाही, पण सगळं दाण्यात चढतं. आणि ही खोट बियाण्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जाते."

म्हणजे वंशात खोट होतीच. थोरलीच्या नव्हे, भाताच्या.

"हे आम्ही कळवलं होतं की," बाई जुनी जावक नोंदवही चाळत म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी. मालकानेच नमुना पाठवला होता."

पाठवलेल्या पत्राच्या प्रतीवर सासऱ्यांचं नाव होतं. धाकटीने मनाशी वर्षं मोजली. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. रोपाच्या मुळांना जे जमलं नव्हतं ते या गृहस्थाने घरात जमवून दाखवलं होतं: विष खालच्या माणसांत कोंडायचं आणि वरची निरोगी ठेवायची.

नुसता कागद दाखवला असता तर 'मला मिळालाच नाही' म्हणून ते मोकळे झाले असते. म्हणून तिने जेवणाचा दिवस येऊ दिला.

पानं मांडली. व्यापारी, भाऊ, थोरला आणि सासरे. भात धाकटीने स्वतः वाढला, अगदी आग्रह करकरून. सासऱ्यांनी तीन घास खाल्ले, चौथा तोंडात घातला.

"मामंजी," ती म्हणाली, "आज मोठं भांडं चढवलंच नाही. सगळ्यांना खालच्या शेताचा वाढलाय. पाहुण्यांनी वाण चाखून नको का बघायला?"

"वा, छान आहे की!" व्यापारी म्हणाला आणि जेवत राहिला. भाऊही.

सासऱ्यांनी घास ताटात थुंकला. तांब्या उचलून दोनदा चूळ भरली.

व्यापाऱ्याचा हात थांबला. "काय झालं हो? हाच ना तो वाण?"

"खडा... खडा आला."

"खड्याला दोनदा चूळ?" धाकटी म्हणाली. "मी तर अजून काही बोललेच नाही." आणि तिने पत्राची प्रत व्यापाऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली. "एका जेवणाने काही होत नाही, घाबरू नका. अकरा वर्षांनी होतं."

व्यापाऱ्याने पत्र दोनदा वाचलं आणि ताट सरकवलं. थोरल्याने मान खाली घातली. त्याने आजवर काही विचारलं नव्हतं, कारण मोठ्या भांड्यातला भात बरा लागत होता.

भिंत धरत थोरली दारात आली. "मामंजी, रोज तुम्ही पोटभर जेवल्यावर मी पानावर बसायचे," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंत थुंकायला?"



भावाने सहीचा कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर थोरली सांगत गेली, तो लिहीत गेला. तक्रार संपली तेव्हा खाली सही तिची होती, आणि साक्षीदार म्हणून व्यापाऱ्याची.

आता कोणी काय गमावलं ते पाहू. सासऱ्यांचा एक घास गेला, एक गिऱ्हाईक, एक सोयरीक. खटला उभा राहील तेव्हा आणखी काही जाईल, आणि धाकटी एकही तारीख चुकवणार नाही. थोरलीची हाडं गेली, ती कुठलंही कोर्ट परत देणार नाही. मायलेकींच्या रक्तातलं कॅडमियम तपासलं; मुलीचा आकडा आठवड्याने आला. तो आईच्या आकड्याच्या निम्मा होता, आणि निरोगी माणसाच्या सहापट. धाकटीने तो ठळक अक्षरांत लिहून सासरे बसतात तिथे समोरच्या भिंतीवर चिकटवला. ते आता दोन वेळा त्याच्याकडे तोंड करून जेवतात.