अक्षरपाटीवरचं बोट

एकोणीसशे ब्याऐंशी साल. गिरणीमागच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक खिडक्यांना लोंबकळत होते. व्यासपीठावर माझ्या धाकट्या बहिणीची नऊ वर्षांची मुलगी बसली होती. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. जन्मापासून ती एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता म्हटलं होतं. शेजारणी काय म्हणायच्या ते लिहीत नाही.

तिचं मनगट धरून, शब्दगुरू म्हणवून घेणारे एक बाबा बसले होते. समोर अक्षरांची पाटी. चिमणीचं बोट अक्षरांवरून फिरायचं आणि गुरू ते खणखणीत वाचायचे.

"विचारा, विचारा! देहानं मुकी, पण आत हजार वर्षांचा आत्मा! मी नुसता हात धरतो. टेलिफोनची तार समजा मला!"

"माझा नवरा परत येईल का हो?" एका बाईनं विचारलं.

"मन स्वच्छ ठेव," पाटी म्हणाली. बाई ढसाढसा रडली आणि चिमणीचा हात तिनं आपल्या कपाळाला लावला. असलं उत्तर आमच्या शिवणाच्या दुकानातल्या पुतळ्यानंही दिलं असतं.

मग धाकटी उठली. "बाळा, तू अशी का झालीस गं?"

बोट फिरलं. "पोटात असताना तू मला नको म्हणालीस." सभागृह हळहळलं. लगेच पुढचं वाक्य आलं, "तरी तू मला आवडतेस, आई."

नऊ वर्षं ती या एका वाक्यासाठी तडफडली होती. त्यापुढे पाटी म्हणेल ती पूर्व दिशा. पाटीनं चिमणीची शाळा बंद केली. पंधरा दिवसांनी पाटी म्हणाली, "रविवारी मला कायमची गुरूंच्या आश्रमात ठेव." धाकटी कपडे भरायला बसली.

"अगं, शाळेतल्या बाईंनी तिला चित्र दाखवून पाणी मागायला शिकवलंय," मी म्हटलं.

"ताई, हजार वर्षांच्या आत्म्याला पाण्याचं चित्र काय दाखवायचं?"

मला एकच गोष्ट टोचत होती. चिमणी पाटीकडे बघतच नव्हती. ती छताच्या पंख्यात हरवलेली असायची. न बघता सुईत दोरा ओवणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. गुरूंची नजर मात्र पाटीवरून हलत नव्हती. मी शाळेतल्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "दोघांना वेगवेगळं सांगून बघू."

शनिवारी गुरू घरी आले. मागोमाग अर्धी गल्ली. बाई चिमणीला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मी गुरूंच्या कानाशी लागले, "आत तिला कात्री दाखवतायत हं."

चिमणी बाहेर आली. गुरूंनी मनगट धरलं. "बोल, आत काय पाहिलंस?"

बोट ठामपणे फिरलं. का-त्री.

"धन्य! धन्य!" गल्ली गर्जली.

बाईंनी पिशवीतून लाल चेंडू काढला. "मी तिच्या हातात हा दिला होता. कात्री तिनं पाहिलेलीच नाही. कात्री फक्त यांना ठाऊक होती. बोट तिचं, पण ढकलणारा हात यांचा."

"आत्म्याची परीक्षा?" गुरू ओरडले. "तुमच्या अविश्वासानं तार तुटली!"

"मग कात्री कुठल्या तारेनं आली, महाराज?" मी विचारलं. ते छत्री विसरून गेले.

मला वाटलं, लोक त्यांच्यावर धावून जातील. तसं काही झालं नाही. नवऱ्याची वाट बघणारी ती बाई चिमणीकडे बघून म्हणाली, "म्हणजे वेडीच निघाली की ही!" आणि तिनं रुमालानं कपाळ पुसलं.

घर रिकामं झाल्यावर धाकटीनं विचारलं, "ताई, मग 'तू मला आवडतेस' हे?"

"तेही त्यानंच."

"तेवढं तरी ठेवायचंस गं माझ्यासाठी."

"मग 'नको म्हणालीस' हेही ठेवावं लागलं असतं."

तिनं बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवले. सोमवारी चिमणी शाळेत गेली. माझ्याशी मात्र धाकटी सहा वर्षं बोलली नाही.

गुरूंना दुसरं गाव मिळालं आणि दुसरं मुकं मूलही मिळालं. ते सुखानं, अंथरुणात वारले. त्या बाईचा नवरा आला नाही, तिनं नवा गुरू केला. शाळेतल्या बाई केस पिकेपर्यंत शिकवत राहिल्या. धाकटी मुलीच्या तोंडून ते वाक्य न ऐकताच गेली. चिमणी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. एका इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींच्या घड्या घालते, आणि पाणी, विश्रांती, "दूर हो" हे सगळं चित्रं दाखवून स्वतः सांगते. मला "दूर हो" फार वेळा दाखवते.

स्वमग्न मुलाचा हात धरून कुणी तुम्हाला त्याच्या मनातलं सांगू लागला, तर आधी त्याला हात सोडायला सांगा. आणि अशा मुलाची आई शेजारी राहत असेल, तर तिला बाबांचा पत्ता देऊ नका. तासभर तिच्या मुलाजवळ बसा, तिला झोपू द्या.