पायाखालची पट्टी

मित्रांनो, मरोळच्या गावठाणातल्या क्रुसापुढे मेणबत्ती लावताना तुम्ही मला रोज पाहता. मी तोच जुना पितळी स्टँड. माझी मान पांढरी चकचकीत आणि पाय मात्र उंदरांनी कुरतडल्यासारखा. मी असा जन्मलो नाही. कारागिराने मला लेथवरून उतरवलं तेव्हा मी वरपासून खालपर्यंत पिवळाधमक होतो.

पण पितळ काळं पडतं. क्रुसाची निगा राखणाऱ्या रोझमेरीबाई दर शनिवारी मला चिंच लावून घासायच्या. त्यांचा नवरा युस्टेस साकीनाक्याला निकेलचा मुलामा देण्याचा कारखाना चालवायचा. एकोणीसशे अडुसष्टच्या सुमारास तो म्हणाला, "दे इकडे. निकेल चढवून आणतो, तुझी चिंच वाचेल."

कारखान्यात वस्तू तारेने बांधायचं काम सुगंधाबाईंचं. त्यांनी मला घट्ट बांधून टाकीत सोडलं. टाकीतल्या हिरव्या पाण्यात एका बाजूला निकेलच्या पट्ट्या लटकत, दुसऱ्या बाजूला आम्ही वस्तू. वीज सुरू झाली की पट्ट्यांतलं निकेल पाण्यातून येऊन आमच्यावर बसे. मध्येच युस्टेसने मला वर काढून पाहिलं आणि परत अडकवताना तार आवळली नाही. मी निसटून तळाशी गेलो. मान निकेलच्या पट्ट्यांकडे, पाय वस्तूंकडे. वीज चालूच होती.

संध्याकाळी मला तळातून काढल्यावर माझा पाय पाहून युस्टेसचा चेहरा उतरला. गावाचा स्टँड होता मी.

"सुगंधाबाई, याला साफ करायच्या तेजाबात टाकलंत ना?" त्याने सगळ्यांसमोर विचारलं.

"मी कशाला टाकू? तेजाबाकडे आज फिरकलेच नाय."

"पडलेल्या वस्तूला तार नाही, म्हणजे वीज नाही. मग पाय काय मी खाल्ला?"

"तार नाय, तर मान एवढी पांढरी कशी झाली, तेपण सांगा ना."

"ती आधीच झाली होती. उद्यापासून येऊ नका."

सुगंधाबाईंनी हात पुसले, डबा उचलला आणि त्या गेल्या. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण धातूला तोंड नसतं.

त्यांच्या जागी मालन आली. काही दिवसांनी टाकी साफ करताना युस्टेसला तळाशी कधीतरी निसटून पडलेली पितळेची एक पट्टी सापडली. एक टोक पांढरं, दुसरं खाल्लेलं. मग त्याने दुसरी पट्टी तार न बांधता मुद्दाम तळाशी ठेवली. तीही तशीच झाली, मध्ये पांढऱ्याकडून पिवळ्याकडे फिकट होत जाणारी छटा. तिसरी उलटी ठेवली, तरी निकेलकडे तोंड असलेलंच टोक पांढरं.

पाण्यातून जाणारी वीज वाटेत पडलेल्या धातूतूनही जाते, मित्रांनो. जिथून ती आत शिरते तिथे निकेल बसतं. जिथून बाहेर पडते तिथलं पितळ झिजतं. त्यासाठी तार लागत नाही.

"शेठ, जेवला नाय तुम्ही?" मालनने विचारलं. त्याला ऐकूच गेलं नाही.

मला आणि एक पट्टी पिशवीत घालून तो घाटकोपरला गेला. सुगंधाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्याने सगळं सांगितलं. "तारपण मीच सैल अडकवली होती," तो म्हणाला.

त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "हे तेव्हाच करून का नाय बघितलंत?"

"चूक माझी. परत कामावर या," युस्टेस म्हणाला.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा सगळ्यांसमोर बोललात. आतापण तसंच बोला."

दुसऱ्या दिवशी तो बोलला. सुगंधाबाई पुन्हा तारा बांधू लागल्या. पूर्वी चहाच्या वेळी त्या युस्टेसला त्याच्या ढेरीवरून चिडवायच्या. ते मात्र पुन्हा कधी झालं नाही. तो चहा हातात घेऊन वाट पाहायचा.

माझा पाय त्याने दुरुस्त करू दिला नाही. मी डुगडुगू लागलो, तेव्हा तीच पट्टी दुमडून त्याने माझ्या पायाखाली सरकवली. अजून तिथेच आहे. म्हणून मित्रांनो, मला पुसाल तेव्हा ती पट्टी कचरा समजून फेकू नका. आणि कोणावर बोट रोखायची वेळ आली, तर आधी करून बघा. युस्टेसला त्या पट्ट्या टाकून बघायला एकच दुपार लागली होती.