मीरासाबची चिठ्ठी

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी उजळाईवाडीच्या उतारावर आकाराम चौगुलेची मोटारसायकल घसरली. आकाराम गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेत वस्त्यांवर फिरून दूध तपासायच्या कामाला होता. गाडी संस्थेची, पंधरा वर्षांची जुनी. उतारावर त्यानं मागचा ब्रेक दाबला आणि चाक दातखीळ बसल्यागत जागच्या जागी आवळलं. गाडी आडवी झाली, पाय खाली सापडला आणि दोन ठिकाणी मोडला.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे चेअरमन बाळासो पाटील यांनी कपाटातनं एक चिठ्ठी काढली. जुनी गाडी दर सहा महिन्यांनी मिस्त्रीला दाखवायची आणि त्याची चिठ्ठी फायलीला लावायची, असा संस्थेचा नियम होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ब्रेक, चाकं, साखळी, हँडल तपासलं. गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य.’ खाली शाहूपुरीतल्या मीरासाब मिस्त्रीची सही. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

ती चिठ्ठी घेऊन बाळासो थेट मीरासाबच्या दुकानात गेले.

“मिस्त्री, ही सही तुमचीच न्हवं?”

“माझीच की.”

“मग गाडी बघून केल्ती, का बसल्या जागंवर?”

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मीरासाबनं हातातला पाना खाली ठेवला. वीस वर्षांत असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. शाहूपुरीत जुनी गाडी घेणारा माणूस आधी विचारायचा, मीरासाबची चिठ्ठी हाय का? सख्ख्या मेव्हण्याची गाडीसुद्धा त्यानं नापास करून परत लावून दिली होती.

“मला गाडी बघू द्या,” तो म्हणाला.

“आन् तुमी तेवढ्यात काय ते बदलून ठेवताय! गाडी खोलीत घालून कुलूप लावलंय. तुमी हात लावायचा न्हाय.”

“मग दिलदारला दावा. समोरच्या दुकानातला.”

“तो तुमच्यातलाच की!”

“त्याचं नि माझं सात वर्सं बोलणं न्हाय. अख्ख्या शाहूपुरीत कुणालाबी विचारा.”

बाळासोंनी खरंच दोन-तीन दुकानांत जाऊन विचारलं आणि मगच दिलदारला रविवारी यायला सांगितलं.

तोवर बातमी पसरली. एकानं अर्धं काम झालेली गाडी ढकलत परत नेली. दुसरा साखळी आवळून होईपर्यंत मीरासाबच्या खांद्यावरनं वाकून बघत राहिला. दुपारी बायको रोशनबी डबा घेऊन आली तर मीरासाब रिकाम्या दुकानात बसलेला.

“जेवा,” ती म्हणाली. “तुम्ही काय केलं न्हाय तर घाबरताय कशाला?”

“केलं न्हाय असं म्हणवत न्हाय गं. त्या दिवशी रोजा होता. गाडी आली तवा दिवस कलला होता.” त्यानं आवाज खाली आणला. “पावसाळ्यापास्नं मला जवळचं बारीक दिसत न्हाय. ब्रेकची पिन मी अंगठ्यानं चाचपली. हाताला लागल्ती. लागल्ती असं वाटतंय. आता विचार कराय लागलो की ते ह्या गाडीचं, का दुसऱ्या कुठल्या, तेच कळंना.”

रोशनबीनं डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाली, “रविवार होईस्तोवर ह्ये कुणाम्होरं बोलू नका.”

त्या दिवसापासून मीरासाबचा स्वतःवरच भरवसा उरला नाही. गेल्या चार महिन्यांत सही केलेल्या गाड्या त्याला एकेक आठवू लागल्या. रस्त्यावरनं कुठली ओळखीची गाडी गेली की तो तिच्या मागच्या चाकाकडं बघत राही.

रविवारी संस्थेच्या अंगणात गाडी काढली. मीरासाबला दहा पावलं लांब उभं केलं होतं. दिलदार पोत्यावर आडवा झाला आणि मागच्या चाकात डोकं घातलं. मागच्या ब्रेकला एक लोखंडी पट्टी धरून ठेवते. तिच्या बोल्टाचा नट फिरून निघू नये म्हणून बोल्टातनं आरपार पिन घालतात आणि तिचे पाय दुमडतात. इथं नट गायब होता. पट्टी सुटली होती, म्हणून ब्रेक चाकाबरोबर फिरला आणि चाक आवळलं.

“पिन न्हाय,” दिलदार म्हणाला. “भोकात तारंचा तुकडा हाय.”

“बघा!” बाळासो ओरडले. “पिन घालायची सोडून तार गुंडाळली मिस्त्रीनं!”

दिलदार उठून बसला. “मीरासाब तार घालत न्हाय,” तो म्हणाला. सात वर्षांत त्याच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा निघालं. “चाक काढल्याबिगर ह्यो नट कुणी खोलत न्हाय. गाडी कोण चालवतो त्याला विचारा.”

“विचारलंय. चिठ्ठीनंतर गाडीला कुणी हात लावला न्हाय म्हणतोय आकाराम.”

मीरासाब तिथनं चालतच आकारामच्या घरी गेला.

आकाराम प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून पडला होता. मीरासाब त्याच्या पायथ्याला बसला.

“आकाराम, चाक पंक्चर झाल्तं का कुठं?”

“न्हाय.” आकारामनं भिंतीकडं तोंड केलं.

“आठवून सांग. माझं दुकान बसलंय रं.”

“न्हाय म्हणलं न्हवं!”

आकारामची बायको बनाबाई चहा घेऊन आली होती. तिनं कप त्याच्यापुढं ठेवला. मीरासाबनं चहा तसाच ठेवला. तो उठला, दाराशी जाऊन चपला घालू लागला.

“भाऊबीजेला आमी आजऱ्याला गेलतो,” बनाबाई मागनं म्हणाली. “माझ्या भावाकडं. गाडीवरनं.”

“ए, गप!” आकाराम ओरडला.

“संस्थेच्या गाडीवरनं, कुणाला न सांगता. आजऱ्याच्या अलीकडं पंक्चर झालं. तिथल्या माणसानं चाक काढलं आन् म्हणला, पिन तुटली, माझ्याकडं दुसरी न्हाय. ह्ये म्हणले, तार घाल, घरी गेल्यावर बघू.”

मीरासाब एक चप्पल पायात, एक हातात, असा तसाच उभा राहिला.

“पिन तुटली म्हणला? म्हंजे पिन होती?”

“होती की! तुकडं माझ्या हातावर ठेवलं त्यानं. मी रस्त्याकडंला टाकलं.”

मीरासाब उंबऱ्यावरच बसला. “होती,” तो स्वतःशीच म्हणाला. “होती म्हणा.”

“नोकरी जाईल गं माझी,” आकाराम रडकुंडीला आला.

“ह्या माणसाची रोजीरोटी गेलीच की, आपल्यापायी. आठ दिवस मला अन्न ग्वाड लागंना,” बनाबाई म्हणाली आणि पदर खोचून संस्थेकडं निघाली.

आकारामची नोकरी गेली नाही. पाय बरा झाल्यावर त्याला आत बसून दूध मोजायचं काम दिलं आणि गाडी काढून घेतली. तो थोडा लंगडत राहिला.

महिन्यानं गाडी दुरुस्त होऊन मीरासाबच्या दारात आली. बरोबर बाळासो होते.

“झाला तो गैरसमज झाला, मिस्त्री. आता तपासून चिठ्ठी द्या.”

“देत न्हाय. मला जवळचं नीट दिसत न्हाय.”

बाळासोंच्या कपाळाला आठी पडली. “कधीपास्नं?”

“पावसाळ्यापास्नं.”

“म्हंजे तवाबी...?”

“तवाबी. पिन हाताला लागल्ती. डोळ्यानं बघितली न्हवती.”

बाळासोंनी गाडी वळवली आणि रस्ता ओलांडून दिलदारच्या दुकानात नेली.

“विचारलं म्हणून सगळं सांगायचं हुतं?” रोशनबी त्या दिवशी चिडली. दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. चष्मा लागल्यावर पावसाळ्यापासून चिठ्ठी दिलेल्या गाड्या मीरासाबनं निरोप धाडून परत बोलावल्या. सात आल्या, बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं. सातांपैकी एका गाडीच्या पुढच्या चाकाचा नट खरोखरच ढिला निघाला. तो त्यानं मालकासमोर आवळला आणि ढिला होता हेही सांगितलं. तो मालक पुन्हा आला नाही.