पाठच्या बहिणीचे कान

शिवणाच्या कारखान्यात दोघी बहिणी शेजारीशेजारी बसत. थोरली शर्टांना खिसे लावी, धाकटी कॉलर. थोरलीचे कान लहानपणीच्या तापात गेले होते. वाचा तेवढी उरली होती, पण आपलाच आवाज ऐकू येत नसल्याने तो भलताच चढे. शाळेतल्या पोरी हसल्या, तशी तिने जीभही आवरून घेतली. कारखाना तिला मुकी म्हणे.

कापड बेतणाऱ्या मास्तरांनी काही सांगितलं की धाकटी कोपराने डिवचायची. थोरली तिच्या ओठांकडे बघे, मान हलवी, आणि सुई पुन्हा धावू लागे. थोरलीला काही विचारलं तरी उत्तर धाकटीचंच. "ताईला चहा नको." "ताई रागावली नाही, तिचा चेहराच तसा."

काजं करणारी काकू म्हणे, "कान दोघींत एकच जोडी, पण जीभ मात्र हिच्या वाट्याला दोघींची आली."

धाकटी हसायची. तिला त्यात माया दिसे, आणि मायाच होती ती.

ताप येण्याआधी आईकडून ऐकलेली ओवीची चाल थोरलीच्या मनात शाबूत होती. मशीनवर पाय हलू लागला की ती त्या चालीवर आतल्या आत शब्द बसवी:

पाठची माझी बहीण, अंगणीची मैना
हाक येते मला बाई, ओ देते ती, मी ना

धाकटीचे दिवस भरत आले, तशी ती घरी बसली. जाताना म्हणाली, "काकू, ताईकडे बघा हं."

"जा बिनघोर," काकू म्हणाली.

मग एका सकाळी गिऱ्हाइकाचा निरोप आला, या मालाला खिसा नको. मास्तरांनी कापायच्या टेबलावरूनच ओरडून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूला वाटलं, इस्त्रीवाला मुकीला सांगेल. इस्त्रीवाल्याला वाटलं, काकू आहेच की. तिला काही सांगायची कुणाच्या अंगाला सवयच नव्हती. थोरलीपाशी ढीग आधीच येऊन पडला होता. ती खाली मान घालून खिसे लावत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत ढीग उघडला. खिसे उसवता येतात, पण कापडावरची सुईची भोकं जात नाहीत. मास्तर तिच्यापुढे उभे राहून ओठांत टाचण्या धरूनच पुष्कळ बोलले. तिला दिसली ती कपाळावरची फुगलेली शीर. शेवटी त्यांनी दाराकडे बोट केलं. ते मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी जड पोटाने जिना चढून आली. थोरली मागे होती.

"मास्तर, चूक माझी आहे. मी कुणाला काही शिकवून गेले नाही. बाळंत होऊन येतेच, तोवर..."

"तू बाळंत व्हायचीस, पोर रांगायचं, चालायचं. तोवर हिला बोलवायला मी टेबलावर तबला बडवत बसू?"

इस्त्रीवाला फिसकन हसला.

थोरलीने बहिणीचा दंड दाबला, ओठ हलवून विचारलं, काय म्हणतात?

"थोडे दिवस आराम कर म्हणतात," धाकटी म्हणाली.

थोरलीने इस्त्रीवाल्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"खोटं."

आवाज खरखरीत होता, खोलीला मोठा झाला. मशीनं थांबली.

"मास्तर, मला सांगा. माझ्याकडे बघून."

"अगं, ही बोलते?" मास्तरांनी धाकटीला विचारलं.

धाकटीने तोंड उघडलं. थोरलीने तिचं मनगट धरलं. धाकटी फरशीकडे बघू लागली, खालचा ओठ दातांत दाबून.

मास्तरांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "काम नाही. तुला सांभाळायला माझ्याकडे माणूस नाही."

थोरलीने एकेक शब्द त्यांच्या ओठांवरून वेचला. मग म्हणाली, "सांभाळू नका. खिसा नको, एवढं हाताने दाखवायचं होतं. कुणीही." छातीवर खिशाच्या जागी तिने बोटाने फुली मारली.

काकू सुईत दोरा ओवत राहिली. दोरा काही जाईना.

मास्तर पाठ फिरवून टेबलाशी गेले, कात्री उचलली, आणि कापडाकडे बघत काहीतरी म्हणाले. धाकटीने ते ऐकलं. ताईच्या हाताची पकड विचारल्यासारखी घट्ट झाली, तरी तिने मान वर केली नाही.

थोरलीने तिचं मनगट सोडलं, टेबलाला वळसा घातला, आणि मास्तरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.